दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढताना या चुका टाळा

मुंबई ते दिल्ली विमानतळ ते विमानतळ १,१३८ किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर प्रवास सव्वा तासाचा. हे गणित रोज कुणीतरी मांडतं, मग तिकिटावर सव्वादोन तास छापलेले बघतं आणि विमान कंपन्या वेळ फुगवून सांगतात असं ठरवून मोकळं होतं. भागाकार बरोबर असतो, प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. अंतर हा पृथ्वीच्या गोलावरच्या भूमितीचा प्रश्न आहे. वेळेचा प्रश्न धावपट्टी, वारा, हवाई हद्द आणि वेळापत्रक यांचा आहे. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात. एकातून दुसरं भागून काढायची घाई केली की खाली दिलेल्यांपैकी कुठली ना कुठली चूक होतेच.

अंतर भागिले वेग

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच, म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ.

तिकिटावरचा वेळ हा हवेत असण्याचा वेळ नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान पार्किंगच्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते उतरल्यावर दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तिथपर्यंतचा हा वेळ. त्यात चाकं जमिनीवर असतानाची कितीतरी मिनिटं असतात. मुंबई–दिल्लीचं उदाहरण घ्या. पुशबॅक, इंजिनं चालू करणं, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चाकांवर चालत, धावपट्टीपर्यंत जाणं आणि तिथल्या रांगेत थांबणं यात पंधरा ते पंचवीस मिनिटं सहज जातात. मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ही रांग वाढते.

विमान हवेत गेल्यावरही लगेच ९०० चा वेग मिळत नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट्सची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. पस्तीस हजार फुटांवर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरण्याचा हिशोब वैमानिक असा करतात: उंची हजार फुटांत घ्यायची, तिला तीनने गुणायचं, तितके सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास १९५ किलोमीटर आधीपासून. चढण्यातही तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर जातं. म्हणजे मुंबई–दिल्लीच्या १,१३८ किलोमीटरपैकी पूर्ण वेगाने कापलेलं अंतर सातशेच्या आसपास उरतं. शिवाय उतरताना नियंत्रण कक्ष रांगेत बसवण्यासाठी वळणं देतो, कधी घिरट्या घालायला लावतो.

मुंबई–कोल्हापूर तर जेमतेम ३१० किलोमीटर. ९०० ने भागलं तर एकवीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र तासाभराचा प्रवास असतो, कारण त्या मार्गावर विमान चढून होतं तोवर उतरायची वेळ येते. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर गाडी शंभरने चालते म्हणून स्वारगेटहून दादरला कुणी दीड तासात पोचत नाही, तसंच हे. वेग मधल्या टप्प्याचा असतो, वेळ मात्र दोन्ही टोकांना जातो.

म्हणून ठरावीक मिनिटं वेगळी धरा. माझा ठोकताळा असा: जेट विमानासाठी किलोमीटर भागिले ८३०, अधिक चाळीस मिनिटं. एखादं टोक मुंबई, दिल्ली, लंडन यांसारखं गजबजलेलं असेल तर आणखी पंधरा. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान असेल तर किलोमीटर भागिले ४५०, अधिक तीस मिनिटं. पडताळून बघा. मुंबई–कोल्हापूर जेटने, गर्दीची पंधरा न धरता, बासष्ट मिनिटं येतात. मुंबई–दिल्ली दोन तास सतरा मिनिटं. मुंबई–लंडन हीथ्रो ७,२०८ किलोमीटर, तिथे साडेनऊ तासांच्या थोडं पुढे. मुंबई–न्यूअर्क (न्यूयॉर्कच्या शेजारचं विमानतळ) सुमारे १२,५५० किलोमीटर, तिथे सोळा तास. प्रत्यक्ष वेळापत्रकं याच्या आसपास असतात.

लांबच्या विमानांचा वेग जास्त असूनही ८३० च का, असं विचाराल. एअरबस ए३२० जातीची विमानं ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातात, म्हणजे त्या उंचीवरच्या थंड हवेत ताशी ८३० च्या आसपास. बोइंग ७७७ आणि ७८७ ही ०.८४–०.८५ पटीने, म्हणजे ताशी ९०० च्या आसपास. पण लांबचा मार्ग कधीच सरळ नसतो. जास्तीचा वेग वळशात खर्च होतो आणि सरळ अंतराला तोच ८३० चा भाजक पुरतो.

वेळापत्रकात थोडी सूट धरलेली असते हेही खरं. उड्डाण वेळेवर म्हणायचं तर ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असावं लागतं, म्हणून कंपन्या नेहमीच्या उशिराची जागा आधीच राखून ठेवतात. पण सव्वा तासाचे सव्वादोन तास होण्याचं कारण ही सूट नाही.

अक्षांश-रेखांश मिनिटांत होते की दशांशात, हे न बघणं

दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त खटकते, कारण ती दिसत नाही. उत्तर जवळपास बरोबर येतं आणि मग कुणी तपासत नाही.

विमानतळाचे अधिकृत अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत छापलेले असतात. मुंबईचा संदर्भबिंदू १९०५३०उत्तर, ०७२५१५८पूर्व अशा सलग अंकांत लिहिलेला असतो. याचा अर्थ १९ अंश ५ मिनिटं ३० सेकंद आणि ७२ अंश ५१ मिनिटं ५८ सेकंद. घाईत माणूस यात एक टिंब टाकतो आणि १९.०५३० व ७२.५१५८ करतो. खरे दशांश आहेत १९.०९१७ आणि ७२.८६६१. अक्षांशात फरक चार किलोमीटरचा, पण रेखांशात सदतीस किलोमीटरचा. तुमचं मुंबई विमानतळ अरबी समुद्रात जाऊन पडतं. लंडनच्या अंतरात हे सदतीस किलोमीटर कुणाला जाणवत नाहीत, पण पुणे किंवा नाशिकचं अंतर काढताना सगळा हिशोब बिघडतो. मुंबई–पुणे हवाई अंतर मुळात १२४ किलोमीटर आहे.

अंकांची ही गफलत वैमानिकांच्या हातूनही झालेली आहे आणि तिची नोंद ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या अहवालात आहे. १० मार्च २०१५ ला एअरएशिया एक्सचं एक ए३३० सिडनीहून क्वालालंपूरला निघायच्या तयारीत होतं. विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेला आपण कुठे उभे आहोत हे सांगण्यासाठी कॅप्टनने रेखांश हाताने भरला. भरायचा होता १५१०९.८ पूर्व, म्हणजे १५१ अंश ९.८ मिनिटं. भरला गेला ०१५१९.८, म्हणजे १५ अंश १९.८ मिनिटं. एका अंकाची घसरण झाली आणि यंत्रणेच्या लेखी विमान अकरा हजार किलोमीटरहून जास्त दूर, केप टाउनच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये उभं होतं. उड्डाणापूर्वी यंत्रणेने सूचना दिल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लक्षात घेतला गेला नाही. विमान हवेत गेल्यावर ऑटोपायलट भलतीकडे वळू लागला. हवेत दुरुस्ती करायला गेल्यावर दिशादर्शनाची आणखी यंत्रं निकामी झाली. सिडनीतली हवा इतकी खराब होती की परत तिथे उतरता येईना. शेवटी विमान मेलबर्नला उतरवावं लागलं.

शिकलेली माणसं, तपासणीच्या याद्या, दोन जण शेजारी बसलेले, आणि तरीही एक अंक निसटला. घरी बसून एक्सेलमध्ये आकडे चिकटवणाऱ्याने तपासणीला फाटा द्यायचं कारणच नाही. म्हणून गणिताआधी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून बघा. धावपट्टी दिसली तरच पुढे जा. याला अर्धं मिनिट लागतं आणि खालच्या दोन चुकाही त्यातच पकडल्या जातात.

त्यातली एक म्हणजे अदलाबदल. काही नकाशा-फाइलींत आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो. मुंबई ७२.८७, १९.०९ अशी भरली की ती नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. दुसरी म्हणजे पश्चिम रेखांशाचं वजा चिन्ह विसरणं. न्यूअर्क ७४.१७ पश्चिम आहे, म्हणजे उणे ७४.१७. उणे काढलं की ते किर्गिझस्तानात येतं आणि मुंबई–न्यूअर्क फक्त २,४०० किलोमीटर भरतं. हा आकडा बघून शंका येत नसेल, तर सूत्राकडे वळण्याआधी घरातला पृथ्वीचा गोल काढून दोरा लावा.

सूत्राबद्दलही सांगतो. गोलावरचं अंतर काढायला हॅव्हरसाइनचं सूत्र वापरा किंवा कोसाइनचा नियम वापरा, एक्सेलमधली साइन-कोसाइनची फंक्शनं कोन अंशांत नव्हे तर रेडियन या दुसऱ्या एककात मागतात. अंश तसेच टाकले तरी उत्तर येतं, आणि ते कधीकधी खरंही वाटतं, म्हणून जास्त धोकादायक. आधी अंशाला रेडियनमध्ये बदला, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घ्या. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७, त्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या हिशोबाला तेवढी चालते. ज्यांना मीटरपर्यंत अचूक हवं त्यांनी व्हिन्सेंटीचं लंबगोलावरचं सूत्र वापरावं. पण मिनिटं आणि दशांशात गोंधळ घालून वर व्हिन्सेंटी लावण्यात काही अर्थ नाही.

सपाट नकाशावर पट्टी ठेवणं

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली की ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असं करत जाते. त्या रेघेचं अंतर साधारण १४,२०० किलोमीटर भरतं. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, शाळेच्या भूगोलातलं बृहद्वृत्त, मात्र कझाकस्तान, रशिया, दक्षिण फिनलंड, आइसलँड आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जातो आणि १२,५५० किलोमीटरमध्ये संपतो. फरक जवळजवळ सतराशे किलोमीटरचा. सीटसमोरच्या पडद्यावर विमान उगाच उत्तरेकडे चाललंय असं वाटतं, तेव्हा खरं तर ते सर्वांत जवळच्या वाटेच्या जवळपास असतं. ग्रेट सर्कल मॅपरसारख्या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की ही वक्र रेघ लगेच दिसते.

काढलेलं अंतर म्हणजे विमान जाणारच तो मार्ग, असं धरणं

बृहद्वृत्त हे किमान अंतर आहे. प्रत्यक्ष विमान त्याहून जास्तच उडतं, आणि किती जास्त हे बऱ्याचदा राजकारण ठरवतं.

दिल्ली–ताश्कंद सरळ अंतर सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे दिल्ली–मुंबईहून साडेचारशेच जास्त. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि काही दिवसांतच इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची सेवा थांबवावी लागली. वळसा घालून जायचं तर हे मार्ग त्यांच्या ताफ्यातल्या विमानांच्या आवाक्यात राहत नाहीत, असं कंपनीने सांगितलं. गोलावरचं अंतर एक किलोमीटरनेही बदललं नव्हतं. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेर ते १६ जुलैपर्यंत हीच हद्द बंद होती. त्या महिन्यांतले दिल्ली–युरोपचे वेळ घेऊन कुणी सरासरी काढली असेल तर ती हद्द उघडी असतानाच्या उड्डाणांना लागू पडणार नाही. रशियाची हद्द २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झाली तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला.

तिबेटच्या पठाराचीही गोष्ट अशीच. तिथली जमीनच साडेचार-पाच हजार मीटर उंच आहे. केबिनमधला दाब गेला तर विमानाला तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू थोड्याच मिनिटांचा असतो. खाली यायला जागाच नसेल तर त्या वाटेने जाणार कसं? त्यामुळे भारत–चीन मार्गांवर सरळ रेघेचा हिशोब करूच नका.

मार्ग लांब म्हणजे वेळ जास्त, हेही नेहमी खरं नसतं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को बृहद्वृत्तावर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. उडालेलं अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आधीच्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, आधीपेक्षा कमी वेळात. कारण पाठीमागून वारा होता.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच धरणं

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट समजून घ्या. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, घड्याळ मात्र जमिनीच्या तुलनेत चालतं. थंडीत उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो, नेमका विमानांच्या उंचीवर. दिल्ली–गुवाहाटी सुमारे १,४५७ किलोमीटर. विमानाचा वेग ८४० आणि वारा ताशी १५० धरा. जाताना जमिनीवरचा वेग ९९०, म्हणजे ८८ मिनिटं. येताना ६९०, म्हणजे १२७ मिनिटं. एकाच मार्गावर एकोणचाळीस मिनिटांचा फरक, तोही चढउतार न धरता.

इथेच दुसरी गफलत होते. जाताना वाचलं, येताना गेलं, फिट्टंफाट झाली, असं लोक धरतात. वरच्या आकड्यांत दोन्ही मिळून २१५ मिनिटं होतात. वाराच नसता तर २०८ झाली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा असतो. वेगांची सरासरी काढून तिने भागू नका. दोन्ही दिशांचे वेळ वेगळे काढा आणि मग बेरीज करा.

आणि एखाद्या दिवसाचा विक्रम बघून अंदाज बांधू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणून त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं लिहिणारे बरेच निघाले. ओलांडला नव्हता. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने जात होतं, हवाच वेगाने चालली होती.

मी स्वतः एखाद्या मार्गाचा वेळ सांगण्याआधी विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर त्या उड्डाणाच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी बघतो आणि मधला आकडा धरतो. तिथला उड्डाणाचा वेळ हवेतला असतो, ब्लॉक टाइम नव्हे. दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका.

तिकिटावरच्या दोन घड्याळांची वजाबाकी

तिकिटावरचे दोन्ही वेळ आपापल्या गावचे असतात. मुंबई–दुबई सकाळी १० ला निघून ११.४० ला पोचतं, म्हणून प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा नाही. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. परतताना रात्री १० ला निघून २.२० ला मुंबई, म्हणजे चार तास वीस मिनिटं दिसतात आणि खरे दोन तास पन्नास मिनिटं. कामासाठी आखातात ये-जा करणाऱ्यांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. पहिल्यांदा जाणारा मात्र घरच्यांना विमानतळावर भलत्याच वेळी बोलावतो.

खरी अडचण उन्हाळी वेळेची. भारताची वेळ वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे, न बदलणारी. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाच तासांऐवजी चार असतो. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी त्या आठवड्यांत दुसऱ्या विमानापर्यंतचा वेळ दोनदा मोजावा. मुंबईहून रात्री २ ला निघून न्यूअर्कला सकाळी ८ ला पोचणारं विमान हिवाळ्यात साडेसोळा तासांचं आणि उन्हाळ्यात साडेपंधरा तासांचं, छापील वेळ तेच असूनही. ऑस्ट्रेलियात सगळं उलट, सिडनीची उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होते, आणि ब्रिस्बेनमध्ये ती नाहीच.

तोंडी वजाबाकी सोडा. दोन्ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, तारखेसकट, आणि मग वजा करा. नवशिक्यांना हे लांबण वाटतं. पण चूक नेमकी याच लांबणीला फाटा देण्यात आहे.

नाव एक, विमानतळ दुसरं

गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं मोपा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मुंबईहून हवेतला फरक चाळीसेक किलोमीटरचा, म्हणजे तीन-चार मिनिटांचा. जमिनीवर मात्र मडगावला जायचं असून मोपाला उतरलात तर सगळा उत्तर गोवा ओलांडावा लागतो, आणि सावंतवाडीला जाणाऱ्याने दाबोळी घेतलं तर तेच उलट. मुंबईचंही आता नवी मुंबईमुळे तसंच झालंय. कोड बीओएम की एनएमआय हे आधी बघा.

पुण्याचा कोड पीएनक्यू, छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू, नाशिकचा आयएसके. अंदाजाने अक्षरं टाकू नका. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात एक सिडनी आहे, आणि ऑस्ट्रेलियाचं समजून तिथे पोचलेल्या प्रवाशांच्या बातम्या एकाहून जास्त वेळा आल्या आहेत.

डायरेक्ट म्हणजे नॉनस्टॉप नव्हे. उड्डाण क्रमांक तोच राहून विमान मध्ये कुठेतरी उतरत असेल तरी ते डायरेक्टच म्हणवतं.

भरपाई मागताना चुकीचं माप लावणं

इथे चूक पैशात मोजली जाते. भारतात उड्डाण रद्द झालं आणि भरपाई लागू होत असेल, तर ती डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. म्हणजे मुंबई–दिल्लीसाठी किलोमीटर सांगून उपयोग नाही, वेळापत्रकातले सव्वादोन तास सांगा.

युरोपीय संघात नेमकं उलट. तिथे भरपाई बृहद्वृत्ताच्या अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या टप्प्याला ४००, आणि युरोपबाहेरच्या ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला ६००. एकाच बुकिंगमध्ये विमान बदलून जात असाल तर टप्प्यांची बेरीज करायची नाही. पहिलं ठिकाण ते शेवटचं ठिकाण हे सरळ अंतर धरायचं, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय.

उत्तर चुकलंय, पण कुठे ते कळत नाही

तेव्हा तुमचा आकडा आणि खात्रीचा आकडा यांचा भागाकार करून बघा. १.८५२ आला तर कुठेतरी सागरी मैल आणि किलोमीटर मिसळलेत. १.६०९ आला तर साधे मैल. १.१५ आला तर दोन जातीच्या मैलांचीच गफलत. मुंबई–दिल्ली १,१३८ किलोमीटर, ७०७ मैल आणि ६१४ सागरी मैल, हे तिन्ही आकडे पाठ असले की ही चूक बघताक्षणी ओळखू येते. गुणोत्तर कशातच बसत नसेल तर रेडियन किंवा उणे चिन्ह तपासा.

वेळेचा फरक अचूक एक तास असेल तर उन्हाळी वेळ, चोवीस तास असेल तर तारीख. साडेपाच तास असेल तर एक वेळ भारतीय आणि दुसरी जागतिक घेतली गेली आहे. आणि फरक नेमका बारा मिनिटांचा असेल, तर कुणीतरी रकान्यात साडेपाच तास ५.३० असे दशांशात भरलेत, ते ५.५ हवेत. सव्वादोन तासांचे २.१५ लिहिणाऱ्यांचंही असंच सहा मिनिटांनी चुकतं. रकाना आधी तास आणि मिनिटांच्या स्वरूपात करून घ्या, नाहीतर सगळी गणना मिनिटांत करा आणि अगदी शेवटी साठने भागा.